घड्याळ, कात्री आणि नाइट शिफ्ट

रात्री दहाच्या सुमाराला आमच्या खारीगावात दोन शिफ्टची माणसं रस्त्यात एकमेकांना क्रॉस होतात. एक लोंढा भाईंदर स्टेशनातून पूर्वेला उतरून घराकडे निघालेला. चेहरे उतरलेले, हातात भाजीची पिशवी, कानात इअरफोन. दुसरी मंडळी एकदम ताजीतवानी. केस ओले, गळ्यात आयकार्ड, कोपऱ्यावर कॅबची वाट बघत उभी. पहिल्यांचा दिवस संपलाय, दुसऱ्यांची ‘सकाळ’ आत्ता कुठे सुरू होतेय. कुणी मालाडला जाऊन अमेरिकेतल्या कुणाची तरी क्रेडिट कार्डाची तक्रार ऐकणार, कुणी हॉस्पिटलात नर्स, कुणी एअरपोर्टवर, तर कुणी इथल्याच स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात.

या दुसऱ्या गटातल्या एका मैत्रिणीने परवा मला गाठलं. तिला कंपनीने कायमची नाइट शिफ्ट ऑफर केलीय. नाइट अलाउन्स मिळाला की वन बीएचकेचा ईएमआय सुटतो, इतका साधा हिशेब. पण तिचे वडील आतड्याच्या कॅन्सरने गेले आणि आईने कुठेतरी वाचलं की रात्रपाळीने कॅन्सर होतो. झालं! घरात रोज वाजतंय. “तू लिहितेस ना गं असल्या विषयांवर? मग सांग, खरं काय ते. उगाच घाबरवू नकोस आणि उगाच धीरही देऊ नकोस.”

आता अशी अट घातली की गूगलवर दोन मिनिटं घालवून भागत नाही. म्हणून यावेळचा कॉलम जरा वेगळा. यात एक घड्याळ आहे, एक कात्री आहे आणि आतड्याच्या कॅन्सरच्या काही पेशी आहेत. घाबरू नका, बारावीला बायोलॉजी सोडली होती त्यांनाही समजेल.

प्रत्येक पेशीच्या मनगटावर घड्याळ

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण वीस हजार पेशींचा एक चिमुकला पुंजका आहे. ते शरीराचं मास्टर घड्याळ. डोळ्यांवर पडणारा उजेड बघून ते रोज स्वतःला सेट करून घेतं. चर्चगेटच्या मोठ्या घड्याळाकडे बघून आपण आपलं घड्याळ लावावं, तसं.

पण खरी गंमत पुढेच आहे. घड्याळ फक्त मेंदूत नाही. लिव्हर, फुप्फुस, आतडं, कातडी, जवळपास प्रत्येक पेशीत स्वतःचं घड्याळ आहे आणि ते जनुकांचं बनलेलं आहे. बीमाल आणि क्लॉक नावाची दोन प्रथिनं मिळून पिरियड आणि क्रिप्टोक्रोम या जनुकांना ‘चालू’ करतात. त्यातून तयार झालेली प्रथिनं पेशीत साठत जातात आणि पुरेशी साठली की परत येऊन बीमाल-क्लॉकचाच हात धरतात. बस झालं, थांबा आता! मग उत्पादन थांबतं, साठलेला माल हळूहळू संपतो, हात सुटतो आणि चक्र पुन्हा सुरू. या पूर्ण फेरीला लागतात साधारण चोवीस तास.

यातलं पिरियड हे जनुक पहिल्यांदा फळमाशीत सापडलं. १९७१ साली अमेरिकेत रोनाल्ड कोनोप्का आणि सिमोर बेन्झर यांनी अशा माशा शोधल्या, ज्यांचा दिवस चोवीस तासांचा नव्हताच. कुणाचा एकोणीस तासांचा, कुणाचा अठ्ठावीस तासांचा, तर कुणाला दिवस-रात्रीचं गणितच नाही. (आपल्याही ओळखीत अशी माणसं असतात!) हे घड्याळ आतून चालतं कसं, ते उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

आणि या घड्याळाची सत्ता किती? २०१४ साली उंदरांच्या बारा अवयवांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी ४३ टक्के जनुकं कुठल्या ना कुठल्या अवयवात घड्याळाच्या तालावर कमी-जास्त होतात. थोडक्यात, तुमचं लिव्हर सकाळी जे ‘ऑफिस’ चालवतं, ते रात्री तेच नसतं.

दारू प्या!

आता कात्रीकडे येऊ. माणसाकडे प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत सुमारे वीस हजार. एवढं गुंतागुंतीचं शरीर आणि जनुकं एवढीशीच? भागतं कसं?

उत्तर आहे स्प्लायसिंग. जनुकावरून पेशी आधी एक कच्ची प्रत काढते, तिला आरएनए म्हणतात. या कच्च्या प्रतीत कामाचे तुकडे असतात आणि मधेमधे बिनकामाचा मजकूर. पेशीतलं एक यंत्र तो मजकूर कापून टाकतं आणि कामाचे तुकडे जोडतं. शूटिंगचं सगळं फुटेज एडिटिंग टेबलावर येतं आणि त्यातून सिनेमा बाहेर पडतो, तसंच. १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांनी हे स्वतंत्रपणे शोधलं. १९९३ साली दोघांना नोबेल मिळालं.

पण एडिटर दरवेळी तोच सिनेमा कापत नाही. कधी एखादा कामाचा तुकडाही वगळतो आणि त्याच फुटेजमधून दुसराच सिनेमा तयार होतो. आपल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जनुकांतून असे एकापेक्षा जास्त सिनेमे निघतात.

वगळण्याने किती फरक पडतो? हे वाक्य बघा: ‘दारू पिऊ नका, पाणी प्या.’ आता यातला मधला तुकडा काढा. उरलं काय? ‘दारू प्या.’ शब्द तेच, क्रम तोच, नवीन एक अक्षर घातलं नाही. फक्त कात्री चालवली आणि डॉक्टरांचा सल्ला थेट शुक्रवार संध्याकाळचा प्लॅन झाला!

पेशीतही अगदी हेच होतं. बीसीएल-एक्स नावाचं एक जनुक आहे. त्याची लांब प्रत पेशीला सांगते, ‘मरू नकोस, जगत राहा.’ त्यातला एक भाग कापला की बनणारी आखूड प्रत सांगते, ‘तुझं काम झालं, आता संपव.’ जनुक एकच, हुकूम अगदी उलटे. बऱ्याच कॅन्सरमध्ये लांब प्रतीचं पारडं जड झालेलं दिसतं. म्हणजे कॅन्सरच्या पेशीला दरवेळी नवं जनुक मिळवायची गरज नाही. जुन्याच जनुकाची सोयीची प्रत काढून तिचं काम भागतं.

घड्याळाच्या हातात कात्री

मग प्रश्न असा की एडिटरला कुठला तुकडा ठेवायचा, कुठला टाकायचा हे सांगतं कोण? सांगणारे बरेच आहेत. त्यातलं एक, घड्याळ.

नावं कशी जुळतात बघा. या विषयावर ज्यांच्या टीमने सर्वात नेटाने काम केलंय, त्या शास्त्रज्ञ बाईंचं आडनाव आहे रेलॉजिओ. अँजेला रेलॉजिओ. आधी बर्लिन, नंतर हॅम्बर्ग. आणि पोर्तुगीज भाषेत रेलॉजिओ म्हणजे चक्क घड्याळ! आमच्या भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. ते गेले, पण त्यांचे शब्द मराठीत राहिले. जुन्या घड्याळाला आपण जी ‘चावी’ द्यायचो, ती चावीसुद्धा पोर्तुगीजच.

तर या टीमने २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दीक्षा मल्हान, अलिरेझा बस्ती आणि रेलॉजिओ हे त्याचे लेखक. त्यांनी घेतल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी. जगभरच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं वाढवल्या जाणाऱ्या, ‘एचसीटी ११६’ नावाच्या. त्यातल्या काही जशाच्या तशा ठेवल्या होत्या आणि काहींच्या घड्याळाचा एकेक स्क्रू काढला होता. एकीत बीमाल नाही, दुसरीत पिरियड-२ नाही, तिसरीत रेव्ह-एर्ब नाही. मग ठरावीक तासांनी या पेशींमधले आरएनए वाचले होते. त्या सगळ्या आकड्यांचा ढीग कॉम्प्युटरवर उपसून त्यांनी बघितलं, की घड्याळ बिघडल्यावर कात्रीचं काय होतं.

पहिली गोष्ट दिसली ती अशी, की कात्रीचे स्वतःचे सुटे भागही घड्याळाच्या तालावर बनतात. आणि घड्याळाचा स्क्रू काढला की त्यातल्या काही भागांचा ताल जातो. यू-टू-एएफ-वन नावाचा एक भाग आहे. बिनकामाचा मजकूर कुठे संपतो ती जागा ओळखायला तो मदत करतो. म्हणजे कात्री नेमकी कुठे लावायची, त्यावर बोट ठेवणारा. तिन्ही प्रकारच्या बिघडलेल्या पेशींत याचा ताल गेलेला होता. इतकंच नाही, ज्यांचं घड्याळ कुणी मुद्दाम मोडलं नव्हतं पण ज्यांचा कॅन्सर पुढच्या टप्प्यातला होता, अशा पेशींमध्येही तो तालात नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे कापण्याची पद्धत बदलली. आणि बदलली ती भलत्याच जागी. स्क्रू कुठला काढला त्यानुसार एफजीएफआर-२, सीडी-४४ आणि मेट या जनुकांच्या प्रती बदललेल्या दिसल्या. कॅन्सरच्या डॉक्टरांना ही नावं चांगली माहीत आहेत. एफजीएफआर-२ च्या दोन प्रती असतात. एक साधारणपणे अशा पेशींत सापडते, ज्या शेजाऱ्यांना चिकटून, शिस्तीत एका जागी राहतात. दुसरी असते सुट्या, हिंडणाऱ्या पेशींत. कॅन्सर एका जागेवरून उठून शरीरभर पसरतो, तेव्हा पेशी पहिल्या स्वभावाकडून दुसऱ्याकडे झुकतात. आणि घड्याळ मोडल्यावर या जनुकाच्या प्रतींचं गणित हललं होतं.

आता ब्रेक लावू. हा अभ्यास काचेच्या डिशमधल्या पेशींचा आणि कॉम्प्युटरवरचा आहे, पेशंटचा नाही. शिवाय या पेशी आधीच कॅन्सरच्या होत्या. घड्याळ मोडल्याने चांगल्या पेशीला कॅन्सर झाला, असं यात कुठेच दाखवलेलं नाही. आणि लॅबमध्ये स्क्रूच काढला होता. नाइट शिफ्ट स्क्रू काढत नाही, ती काटे हलवते. दोन्हीत फरक आहे. पण कात्री घड्याळाचं ऐकते, एवढं मात्र यातून नक्की कळतं.

एका डिग्रीचा खेळ

घड्याळ कात्रीशी बोलतं कसं, याचं एक उत्तर मला सगळ्यात भारी वाटलं. तेही बर्लिनमधूनच आलेलं, फ्लोरियान हाइड यांच्या लॅबमधून.

आपल्या शरीराचं तापमान दिवसभर ३७ वर खिळलेलं नसतं. संध्याकाळी जरा चढतं, पहाटे जरा उतरतं. फरक असतो साधारण एका अंशाचा. या लॅबने २०१७ साली उंदरांत दाखवलं, की एवढ्याशा चढउताराने असंख्य जनुकांची काटछाट तालात बदलते. मग २०२० साली त्यांनी थर्मामीटरही शोधून काढला. सीएलके नावाची काही एन्झाइम्स आहेत. अंग जरा थंड झालं की ती कामाला लागतात, जरा गरम झालं की ढेपाळतात. आणि कात्री चालवणाऱ्या प्रथिनांना हुकूम देणारी हीच.

फळमाशीत तर याचा उपयोगही दिसतो. थंडीत तिच्या पिरियड जनुकाच्या शेवटच्या टोकाची काटछाट वाढते आणि माशी संध्याकाळची धावपळ लवकर उरकून घेते, कारण थंडीत दिवस लहान. १९९९ सालचा हा शोध. म्हणजे घड्याळ कात्री चालवतं आणि कात्री उलट घड्याळाचे काटेही फिरवते.

आता रात्री तीन वाजता फुल एसीत, पांढऱ्याशुभ्र ट्यूबलाइटखाली, हातात वडापाव घेऊन कॉलवर बसलेल्या माणसाचा विचार करा. डोळे मेंदूला सांगतायत ‘दुपार झाली’. पोट लिव्हरला सांगतंय ‘जेवायची वेळ झाली’. शरीराचं तापमान अजून रात्रीच्या हिशेबाने खाली चाललंय. एका शरीरात तीन टाइम झोन! मास्टर घड्याळ एक वाजवतंय, आतड्याचं दुसरंच. कंपनीत दोन डिपार्टमेंट्सचं पटत नसेल तर कामाचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग होतो का कॅन्सर?

मैत्रिणीचा मूळ प्रश्न. यावर जगातला सगळ्यात अधिकृत शब्द आहे तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचा, आयएआरसीचा. २००७ साली त्यांनी शरीराचं घड्याळ बिघडवणाऱ्या शिफ्टच्या कामाला ‘२ए’ गटात टाकलं. अर्थ, ‘कॅन्सरला बहुधा कारणीभूत’. २०१९ मध्ये पुन्हा सगळे पुरावे तपासले आणि रात्रपाळीला त्याच गटात ठेवलं. माणसांमधला पुरावा त्यांनी ‘मर्यादित’ म्हटला. संबंध दिसला तो स्तनाच्या, प्रोस्टेटच्या आणि मोठ्या आतड्याच्या-गुदाशयाच्या कॅन्सरशी.

हा गट ऐकून दचकण्याआधी लक्षात घ्या, की तो पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. ६५ अंशांहून गरम पेयंही याच गटात आहेत. म्हणजे कॅन्टीनचा उकळता कटिंगसुद्धा नाइट शिफ्टचा गटबंधू!

मग धोका किती? अमेरिकेतल्या हजारो नर्सेसचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. २००१ साली त्यातून निघालं, की ३० किंवा जास्त वर्षं अधूनमधून रात्रपाळ्या केलेल्या नर्सेसमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण ३६ टक्क्यांनी जास्त होतं. २००३ साली मोठ्या आतड्याच्या-गुदाशयाच्या कॅन्सरबद्दल तसंच दिसलं. महिन्याला किमान तीन रात्री, अशी १५ किंवा जास्त वर्षं काढलेल्यांत ३५ टक्क्यांनी जास्त. ‘३६ टक्के जास्त’ याचा अर्थ शंभरातल्या ३६ जणींना झाला असा नव्हे हं! समजा एरवी हजारात दहा जणींना झाला असता, तर इथे तेरा-चौदा जणींना. आणि तेही तीस वर्षांनी.

दुसरी बाजूही आहे. २०१६ साली ब्रिटनमधल्या मोठ्या पाहण्या एकत्र करून बघितल्या, तर रात्रपाळी आणि स्तनाचा कॅन्सर यांचा संबंधच दिसला नाही. आयएआरसीने ‘मर्यादित’ का म्हटलं ते यावरून कळावं. तरीही डेन्मार्कने २००८-०९ च्या सुमाराला, वर्षानुवर्षं रात्रपाळी करून स्तनाचा कॅन्सर झालेल्या काही बायकांना सरकारी नियमाखाली नुकसानभरपाई दिली. पुरावा शंभर टक्के होईपर्यंत थांबायचं की आधीच काही करायचं, हा प्रश्न शेवटी लॅबमध्ये सुटत नाही.

मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं आणि वर एक सांगितलं. तुझ्यासाठी नाइट शिफ्टपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुझे वडील. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर आपला धोका वाढतो, शिफ्ट कुठलीही असो. अशांना डॉक्टर एरवीपेक्षा लवकर तपासणी सुचवतात. साधारणपणे चाळिशीला, किंवा घरच्या माणसाला ज्या वयात कॅन्सर सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. तिचे वडील गेले तेव्हा पन्नाशीही झाली नव्हती. तिने अलाउन्सचं गणित बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. शिफ्टचं म्हणाल तर घेतलीय, पण एका वर्षासाठी आणि तसं मेलवर लिहून घेऊन.

औषधालाही वेळ लागते

पेशींना घड्याळ आहे तर औषध कधी द्यायचं यानेही फरक पडेल का? हा प्रश्न फ्रान्सच्या फ्रान्सिस लेव्ही यांनी फार आधी विचारला. आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या पेशंटना त्यांनी केमोथेरपी घड्याळ लावून दिली. एक औषध पहाटे चारला सर्वात जास्त, दुसरं दुपारी चारला. १९९७ साली आलेल्या आकड्यांनी सगळे चमकले. घड्याळ लावून दिलेल्यांपैकी ५१ टक्के पेशंटच्या गाठी आटल्या, एकसारखी दिलेल्यांपैकी २९ टक्क्यांच्या. तोंडात भयंकर फोड येण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून १४ वर आलं.

वाटलं, जिंकलो! पण २००६ साली याहून मोठ्या पाहणीत एकूण आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. पुरुषांना फायदा झाला आणि बायकांना चक्क तोटा. एकच टाइमटेबल सगळ्यांना चालत नाही, हा त्यातला धडा. त्यामुळे घरात कुणाची केमो चालू असेल तर व्हॉट्सअॅपवर वाचून वेळ बदलून मागू नका. वेळ डॉक्टरच ठरवणार. आणि व्यवहारही आहेच. परळच्या टाटा हॉस्पिटलला खारीहून पोचायचं म्हणजे सकाळी लोकल, मग रांग. पहाटे चारची केमो हा सध्या तरी कागदावरचाच विचार.

एवढं तरी करा

नाइट शिफ्ट सोडा, असं सांगणं सोपं आहे. सांगणाऱ्याला ईएमआय भरायचा नसतो. रात्री हॉस्पिटल, रेल्वे, एअरपोर्ट चालायलाच हवेत. म्हणून जमेल ते:

रात्री बारा ते सहा जड जेवण टाळा. २०२१ साली अमेरिकेत १९ जणांवर झालेल्या एका प्रयोगात रात्रपाळीत जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्क्यांनी वाढली. रात्रपाळी करूनही फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. प्रयोग छोटा आहे, पण उपाय फुकट आहे. घरून डबा न्या, निघण्याआधी नीट जेवा, मधे भूक लागलीच तर हलकं काहीतरी.

उजेडाची वेळ सांभाळा. शिफ्टच्या पहिल्या भागात भरपूर उजेड, शेवटी कमी. सकाळी घरी येताना गॉगल लावा, लोकं हिरो म्हणाली तरी चालेल. खोलीत जाड पडदे.

झोपेला घरच्यांनी किंमत द्यायला हवी. वन आरकेत सकाळी नऊला झोपायचं म्हणजे कुकरच्या शिट्ट्या, कचऱ्याची गाडी, कुरिअरवाला, ‘बेटा, जरा गॅसचा नंबर लाव’. रात्री दोनला कुणी तुम्हाला उठवून गॅसचा नंबर लावायला सांगेल का? मग हेही तसंच. दारावर ‘बेल वाजवू नये’ची पाटी लावायला लाजू नका.

दिवसाची नोकरी आहे म्हणून हसू नका. शुक्रवारी पहाटे तीनला झोपून रविवारी दुपारी उठणारे आणि सोमवारी सहाला गजर लावणारे दर आठवड्याला दुबईला जाऊन येतात, फक्त तिकीट न काढता.

आणि हे महत्त्वाचं. शौचातून रक्त, काही आठवडे बदललेली पोटाची सवय, कारण नसताना उतरलेलं वजन, यातलं काहीही दिसलं तर ‘शिफ्टमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. नाइट शिफ्टवाल्यांचं पोट कायम बिघडलेलंच असतं, म्हणून खरी तक्रारही त्यात लपून जाते. मूळव्याध आहे की आणखी काही, ते डॉक्टरला ठरवू द्या.

एचआरला विचारायचे तीन प्रश्न

महाराष्ट्रात २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्याने बायकांना रात्री साडेनऊनंतरही काम करता येतं, पण अटी आहेत. बाईची संमती हवी, सुरक्षिततेची सोय हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडणारं वाहन हवं. चांगलाच कायदा आहे. रोज पहाटे आमच्या गल्लीत थांबणाऱ्या कॅब बघते, तेव्हा त्याची किंमत कळते. पण तो दारापर्यंतच येतो. पेशींच्या घड्याळाचा विचार त्यात नाही, पुरुषांच्याही आणि बायकांच्याही.

तो विचार आपणच मांडायला हवा. म्हणून पुढच्या वेळी रोस्टर हातात पडलं की तीन प्रश्न विचारा. एक, शिफ्ट बदलते ती सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकते की उलटी? पुढे सरकणं शरीराला सोपं जातं, आणि कंपनीला याचा एक पैसाही खर्च नाही. दोन, रात्रींचा गठ्ठा संपल्यावर किमान दोन पूर्ण दिवस सुट्टी आहे का? ‘सकाळी आठला सुटलास, तोच तुझा ऑफ’ ही सुट्टी नव्हे. तीन, वर्षाच्या हेल्थ चेकअपमध्ये नाइट शिफ्टवाल्यांसाठी वेगळं काही आहे का, आणि तो चेकअप त्यांच्या झोपेच्या वेळेत ठेवलेला नाही ना?

एकट्याने विचारलंत तर टीम लीडर ‘बघू’ म्हणेल. कॅबमधल्या सहाही जणांनी एकाच आठवड्यात विचारलं, तर त्याला वरती मेल टाकावाच लागेल. तेव्हा आज रात्री कॅबमध्ये बसलात की डोळे मिटण्याआधी शेजारच्याशी एवढं बोलून घ्या.